सनद आणि साक्ष

माढ्याच्या न्यायालयात नुकतीच वकिली सुरू केलेल्या आप्तांपैकी एका तरुणाने परवा मला विचारले, "काका, वकिली आणि राजकारण या दोन्हींत वावरून श्रावकाचे व्रत निभावता येते का?" प्रश्नात थोडी थट्टा होती, तशी काळजीही होती. उत्तरादाखल मी त्याला अण्णासाहेब लठ्ठे यांची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म १८७८ साली कुरुंदवाडचा. जैन समाजात उच्च शिक्षण दुर्मीळ असताना ते एम. ए., एलएल. बी. झाले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत आणि कोल्हापूरच्या जैन वसतिगृहाच्या कार्यात त्यांचा मोठा वाटा होता. ब्राह्मणेतर चळवळीतील ते एक विचारवंत नेते. राजर्षी शाहू महाराजांच्या विश्वासातलेही.

पण १९१४ मध्ये कोल्हापुरात डांबर प्रकरण उद्भवले. राजघराण्यातील व्यक्तीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले आणि संशयाची सुई लठ्ठ्यांकडे वळली. त्यांच्याविरुद्ध साक्ष मिळवण्यासाठी एका तरुणावर दडपण आणले गेले. तो तरुण म्हणजे कुंभोजचे भाऊराव पाटील. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर स्नान करण्यास नकार दिला, म्हणून याच भाऊरावांना पूर्वी जैन वसतिगृह सोडावे लागले होते. मनात किल्मिष धरायला त्यांना कारण होते. तरीही त्यांनी तुरुंगवास व छळ सोसला, खोटी साक्ष मात्र दिली नाही.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' सांगितली आहे. ज्या समाजाने आपल्याला दुखावले, त्यातील माणसाविरुद्धही खोटा कागद न करणे, याहून त्या शब्दाचा अर्थ कोणी अधिक स्पष्ट केला असेल?

लठ्ठे कोल्हापूर सोडून बेळगावास गेले आणि तेथे त्यांनी वकिली केली. १९१९ च्या सुधारणांनंतर ते मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. मनात कटुता ठेवण्यास त्यांनाही कारण होते. पण शाहू महाराजांच्या निधनानंतर १९२४ साली त्यांनीच महाराजांचे विस्तृत इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते त्याच कोल्हापूरचे दिवाण झाले.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. आपला माढा तालुका तेव्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या सरकारी तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्या हाती होत्या. मंत्रिमंडळाने दारूबंदी हाती घेतली. मद्यत्याग आपल्या घरोघरी आहेच. पण सरकारने तो स्वीकारला की अबकारीचे उत्पन्न बुडते. ही खोट भरून काढण्यासाठी १९३९ मध्ये शहरांतील स्थावर मालमत्तेवर कर बसवण्यात आला आणि मालमत्ताधारकांत नाराजी पसरली. दारू वाईट, हे सभेत सांगणे सोपे; त्यासाठी घरमालकाकडे पैसे मागणे अवघड. लठ्ठ्यांनी ते अवघड काम केले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९५० मध्ये अण्णासाहेबांचे निधन झाले.

हे सारे ऐकून तो तरुण म्हणाला, "पण काका, यात व्रत खरे पाळले ते भाऊरावांनी."

मी क्षणभर निरुत्तर झालो. मग म्हणालो, "खरे आहे. अण्णासाहेबांची पुढची सारी कारकीर्द एका साक्षीदाराच्या नकारावर उभी आहे. उद्या तुझ्यापुढेही साक्षीदार येतील. त्यांना शिकवून-पढवून पिंजऱ्यात उभे करायचे की नाही, एवढेच तुझ्या हाती आहे. व्रताचा प्रश्न तुला विधिमंडळात नव्हे, माढ्याच्या कोर्टातच पहिल्यांदा भेटेल."

तो हसला नाही. फाईल काखेत धरून उठला आणि नमस्कार करून गेला.