प्लेट टाकण्याआधी

जानेवारी २०१८. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोतल्या एका पाळणाघरातली मुले ताप आणि जुलाब घेऊन ख्रिस हानी बरग्वनाथ रुग्णालयात आली. अन्नातून संसर्ग झाल्याचा डॉक्टरांना संशय आला आणि त्यांनी आरोग्य निरीक्षकांना कळवले. निरीक्षकांनी पाळणाघराचा फ्रीज उघडून आतली पोलोनी, म्हणजे न शिजवता पावात घालून खातात ते स्वस्त तयार मांस, तपासणीसाठी उचलली. एका मुलाच्या शौचात लिस्टेरिया हा जीवाणू सापडला, पोलोनीतही सापडला.

तोवर देशातली लिस्टेरियाची साथ सहा महिन्यांहून जुनी झाली होती. जून २०१७ ते एप्रिल २०१८ या काळात ९३७ रुग्ण नोंदले गेले. त्यांतले निम्मे गरोदरपणाशी निगडित होते, त्यातही बहुतेक नवजात बाळे. पुढे काय झाले ते कळलेल्या ७२८ जणांपैकी १९३ दगावले. लिस्टेरियाचा अधिशयन काळ कित्येक आठवड्यांचा असू शकतो. बाळ गमावलेल्या आईला दीड महिन्यापूर्वीचे जेवण आठवणार कसे?

इथे प्रकारनिश्चिती कामाला आली. ६०९ रुग्णांच्या जीवाणूंचे सिक्वेन्सिंग झाले आणि सात जनुकांच्या एमएलएसटीत ५६७ जीवाणू एकाच प्रकाराचे, एसटी ६चे, निघाले. मला मात्र उरलेले थोडे अधिक मोलाचे वाटतात. त्यांना आजार तोच, पण जीवाणूचा प्रकार वेगळा, म्हणजे ते या साथीतले नव्हेत. तपास पथकाने अशाच रुग्णांशी तुलना केली आणि एसटी ६च्या रुग्णांत पोलोनी खाल्ल्याचा ऑड्स रेशो ८.५५ आला. प्रकार कळला नसता तर ही सगळी माणसे एकाच यादीत मिसळून गेली असती आणि धागा पुसट झाला असता. पुढे गाभा-जीनोमच्या सतराशेहून अधिक जनुकांची तुलना झाली. रुग्ण, पोलोनी आणि ती बनवणारा कारखाना यांच्या जीवाणूंत चारपेक्षा जास्त अलीलांचा फरक नव्हता. मार्चमध्ये त्या कारखान्याचा माल बाजारातून परत घेतला गेला आणि रुग्णसंख्या झपाट्याने उतरली.

आता आपल्या लॅबमधल्या टेबलाकडे वळू. नवजात बाळाच्या ब्लड कल्चरमध्ये ग्रॅम-पॉझिटिव्ह बारीक दंडाणू दिसले तर ते लिस्टेरिया असू शकतात, पण आपला हात सवयीने ‘डिफ्थेरॉइड, कंटॅमिनंट’ असे लिहितो. मीही लिहिले आहे. दोन दिवसांनी त्याच बाळाच्या पाठीच्या पाण्यात तेच दंडाणू दिसले, तेव्हा मी पहिली प्लेट शोधायला धावलो. ती ऑटोक्लेव्ह होऊन गेली होती. त्या प्लेटवर वसाहतींभोवती हेमोलायसिसची अरुंद कड होती का, हे मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून आग्रहाने सांगतो, असा दंडाणू दिसला तर कॅटॅलेज आणि एस्क्युलिन करा, २५ अंशांवर हँगिंग ड्रॉपमध्ये त्याची कोलांट्या मारणारी हालचाल पाहा. आईचे रक्त आणि वार कल्चरला मागा. रक्तातून किंवा पाठीच्या पाण्यातून वाढलेला प्रत्येक खरा रोगजंतू ग्लिसरॉलमध्ये उणे ७०वर ठेवा. कुपीवर तारीख, वय, गाव आणि नमुना लिहा. सिक्वेन्सिंगचे यंत्र आपल्याकडे नसेल, पण ज्यांच्याकडे आहे त्यांना जीवाणू आपणच द्यायचा असतो. तालुक्याच्या लॅबमध्ये तसा फ्रीजर नसतो, हे मी जाणतो. तिथे स्लँटवर लावा आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला त्याच आठवड्यात फोन करा.