नाइट ड्यूटीचं काय?

दहावीतल्या एका मुलीला नर्स व्हायचंय. "पण अब्बा नाही म्हणतात, टीचर. रात्रपाळी असते ना!" हेच अब्बा गेल्या वर्षी थोरल्या लेकीच्या बाळंतपणात विचारत होते, "रात्रीला एकही बाई नाही इथं?"

भगिनींनो, नियमाने 5,000 वस्तीला एक उपकेंद्र हवं, डोंगराळ भागात 3,000 ला. इमारत उभी राहते, आत माणूस नसतो. नेमणूक कंत्राटी, क्वार्टरच्या दाराला कडी नाही, शेवटची एसटी संध्याकाळीच जाते. परगावची मुलगी टिकेल कशी? कायम नोकरी आणि राहण्याजोगी खोली सरकारने द्यायलाच हवी. ग्रामसभेत आपणही विचारावं. रस्त्यासाठी भांडतोच की!

पण मुली तर घरातूनच निघायच्या. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं. म्हणजे निर्णय दहावीनंतरच, अकरावीच्या फॉर्मवर. आर्ट्स घेतलेल्या मुलीलाही दोन वर्षांचं एएनएम करता येतं. हे बऱ्याच घरांत ठाऊकच नसतं.

परवा त्यांच्या घरी गेले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपा, होस्टेल कसं असतं तिथलं?"

रविवारी आम्ही तिघं बघायला जाणार आहोत.