नकाशा कुणाच्या हातात?



1972 साली मुंबईत पँथर उभी राहिली. त्याच साली दिल्लीत आर्किटेक्ट कायदा झाला. नोंदवहीत नाव असेल त्यानेच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवायचं. ज्यांच्या बापजाद्यांनी विटा वाहिल्या त्यांची नावं त्या वहीत किती? शोधून बघा.

वहीची वाट परीक्षेतून जाते. सध्या 'नाटा' 200 मार्कांची. त्यातले 80 चित्र आणि रचनेचे, संगणकावर नाही, हाताने करायचे. क्लासवाले फी अशी सांगतात की बाप गार पडावा.

पण च्यायला, जागा म्हणजे काय हे आपल्याला कोण शिकवणार? बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली. तिथेच चूल, तिथेच अभ्यास, तिथेच बाळंतपण. आता तिथं टॉवर उठताहेत, 500 फुटांची घरं मिळताहेत. चांगलंच झालं. पण ओटा कुठे, खिडकी कुठे, हे ठरवणाऱ्या टेबलाशी आपलं कोण होतं?

दारात बसा, खोली काढा. नळावरची रांग काढा. जवळची बादली मोठी, लांबची लहान. पर्स्पेक्टिव्ह म्हणतात ते हेच. मात्र भाबडे राहू नका. मार्क भोगल्याचे मिळत नाहीत, सरावाचे मिळतात. रोज एक चित्र, रोज दहा गणितं. आणि विहारात रोज संध्याकाळी एक दिवा, एक टेबल, शिकवायला पुढे गेलेलं आपलंच एक पोर. हे काम संघटनेचं आहे, उपकार नव्हे.

बाबासाहेबांनी राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. विटा खूप वाहिल्या. आता पेन्सिल उचला.

जय भीम!