हात जरा मागे

‘फर्स्ट लेगो लीग’ या शालेय स्पर्धेत अडीच मिनिटांच्या फेरीत रोबोट चालतो तो मुलांनीच लिहिलेल्या प्रोग्रॅमवर. नवख्याचा रोबोट भलतीकडे वळला, की शिकवणाऱ्याचा हात कीबोर्डकडे धावतो. जाणता शिक्षक मात्र हात पाठीमागे बांधून विचारतो, “तो कुठे जावा असे तुला वाटत होते? गेला कुठे?” मग एका वेळी एकच बदल आणि पुन्हा चाचणी. वेळ लागतो, पण चूक मुलालाच सापडते.

घरी आजोबा सदऱ्याची गुंडी लावीत असताना आपलाही हात असाच धावतो. इजेचा धोका नसेल तेथे थांबावे. गुंडी उशिरा लागेल, पण त्यांच्या हातून लागेल. ज्येष्ठांनो, नातवंड मोबाइल शिकवू लागले, की प्रेमाने सांगावे, “बाळा, बोट माझेच फिरू दे.”