अडकल्यावरचा लीव्हर

खमरियात चांगला पाऊस झाला की एमटी पार्कात एक दृश्य हमखास दिसतं. काळ्या चिखलानं माखलेली गाडी, मान खाली घातलेला ड्रायव्हर आणि त्याच्यावर ओरडणारं कोणीतरी. त्यातला निम्मा ओरडा शिकवणाऱ्यांनी खायला हवा, असं माझं मत आहे. त्यात मीही आलो.

टू-व्हील रोजचं आणि फोर-व्हील अडकल्यावरचं, असं आपण पोरांना शिकवतो. इथली काळी माती उन्हात विटेसारखी आणि पाण्यात साबणासारखी. चाक जागेवर फिरलं की टायरच्या खाचा मातीनं भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाकं जोडलीत तरी दोनाच्या जागी चार खड्डे पडतात, एवढंच. मोड चिखलाच्या अलीकडे, कोरड्यावर उभं राहून निवडायचा असतो.

ही सवय आली कुठून? जोंगा आणि जिप्सीतून. जोंगा तर इथलीच. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत 1999 पर्यंत बनत होती, आणि जुने उस्ताद अजून तिच्याबद्दल घरच्या म्हशीसारखं बोलतात. या गाड्यांत फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, पण कोरड्या डांबरावर तो फरक जिरायला वाव नसतो. स्टिअरिंग जड होतं, सगळा ताण ट्रान्समिशनवर येतो. म्हणून 'उशिरा टाक, लवकर काढ' हे त्या गाड्यांपुरतं समजण्यासारखं होतं.

एटीव्हीचं गणित वेगळं. पोलारिससारख्या गाडीत ऑल-व्हीलचं बटण दाबून ठेवलं तरी पुढची चाकं लगेच ओढत नाहीत. मागची घसरली की ती कामाला लागतात. म्हणजे खराब वाटेवर बटण आधीच दाबून ठेवण्यात तोटा नाही. तोटा आहे तो मागची चाकं गरगर फिरत असताना घाबरून दाबण्यात. पुढच्या भागाला तेव्हा असा झटका बसतो की काहीतरी तुटायचंच. थ्रॉटल सोडा, चाकं थांबू द्या, मग दाबा.

लीव्हरचं काम निराळं, आणि तिथं आड येतो अभिमान. 'लो' टाकणारा कच्चा ड्रायव्हर, असा समज आहे. एटीव्हीत इंजिनाची ताकद रबरी बेल्टवरून गिअरबॉक्सकडे जाते. सामान लादून हाय-मध्ये चालण्याच्या वेगानं चढ चढलात की बेल्ट घसरतो, तापतो, जळका वास येतो. वेग ताशी 10-11 किलोमीटरच्या खाली राहणार असेल किंवा मागे ट्रेलर असेल तर लो. आणि बदलायचं ते गाडी पूर्ण थांबवून.

उताराला तर लो हवाच. मागच्या पोस्टिंगवर एक पोरगा जेरिकॅन लादून ओल्या उतारावरून हाय-मध्ये येत होता. वेग कमी झाला की बेल्टची पकड सुटते आणि इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. लो-मध्ये ती पकड बरीच सावकाश चालीतही टिकते. त्याच्याकडे उरले फक्त ब्रेक. गाडी आडवी गेली आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. चौकशीत लिहिलं गेलं, चालकाची चूक. त्याच्या टेस्टच्या कागदावर सही माझी होती. ती टेस्ट मी डांबरी रस्त्यावर घेतली होती, ड्रमांच्या मधून रिव्हर्ससकट. लीव्हरला त्यानं एकदाही हात लावला नव्हता, कारण मी सांगितलंच नव्हतं.

आता मी टेस्टला ओला नाला आणि लादलेली गाडी मागतो. वेळ जातो, गाडी घाण होते, धुवायला पाणी लागतं, या सगळ्या तक्रारी ऐकून झाल्या. नाल्याच्या अलीकडे जो स्वतःहून थांबत नाही, त्याच्या कागदावर मी सही करत नाही.