वेदनाशमन हाही प्रथमोपचारच

३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर बसविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेतील मृतांची संख्या आपल्या स्मरणात राहते. जखमींनी पहिले काही तास कोणत्या यातनांत काढले, याची नोंद मात्र क्वचितच होते.

किन्हवली परिसरात कोणी झाडावरून पडतो, कोणाची दुचाकी घसरते. जखमीचा प्रवास बहुधा ठरलेला असतो : प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि दुखापत गंभीर असल्यास पुढे ठाणे. मोडलेल्या मांडीला रस्त्यावरील प्रत्येक खड्डा जाणवतो. ‘मोठ्या दवाखान्यात गेल्यावर बघतील’ हे उत्तर म्हणूनच आम्हांस पुरेसे वाटत नाही.

श्वास व रक्तस्राव यांकडे पाहिल्यावर वेदनेकडे लगेच वळावे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. रुग्णाला ० ते १० या मापात वेदना विचारावी. मोडलेले हाड फळी बांधून स्थिर केले, तरी दुखणे बरेच कमी होते. तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन थोड्या थोड्या मात्रेत शिरेतून द्यावे. रक्तस्राव झालेल्या रुग्णात स्नायूतील इंजेक्शनाचा भरवसा नसतो. श्वास मंदावल्यास नॅलोक्सोन हा उतारा आहे. रक्तदाब घसरलेला असल्यास केटामिन उपयोगी पडते. मात्र ही औषधे शिकलेल्या हातांनी, रुग्णावर सतत लक्ष ठेवूनच द्यावयाची असतात.

मग अडते कोठे? वेदना शमवली तर पोटातील दुखापतीचे निदान चुकेल, ही जुनी समजूत अभ्यासांती खोटी ठरली असली तरी ती अद्याप पुरती गेलेली नाही. दुसरे कारण कायद्याची धास्ती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणे किचकट झाले आणि अनेक रुग्णालयांनी त्याचा नाद सोडला. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची वाट सुकर केली, पण सवय कायद्याइतक्या लवकर बदलत नाही. अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांत भारत असावा आणि येथील जखमींनी तळमळावे, ही विसंगती खेदजनक आहे.

आपल्यापैकी काहींच्या मनात आणखी एक शंका असते : दुःख तर श्रद्धेने सोसावयाचे ना? २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले होते, की वेदनाशामक औषध घेणे नैतिकदृष्ट्या निषिद्ध नाही. स्वेच्छेने सोसणे वेगळे आणि उपाय असता दुसऱ्यास सोसावयास लावणे वेगळे.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका डॉक्टरसह येते. तिला तत्काळ बोलवावे. तोवर मोडलेला अवयव हलवू नये, जखमीस आपल्या मनाने गोळी अथवा खाणेपिणे देऊ नये. डॉक्टर भेटताच नम्रतेने विचारावे : ‘दुखणे थांबविण्यासाठी काय दिले आहे?’ आणि ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा आपल्या केंद्रात तीव्र वेदनेवर कोणते औषध आहे व ते देण्यास कोण शिकलेले आहे, हेही विचारावे. पुढच्या जखमीचा ठाण्यापर्यंतचा प्रवास त्या उत्तरावर अवलंबून आहे.