विश्लेषण : ‘ख्रिश्चन पॉप’मध्ये सोळाव्या वर्षी विकले जाते काय – आवाज की वर्तनाची हमी?

नोव्हेंबर २०१९ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर केटी पेरीचा कार्यक्रम झाला. त्या गर्दीतल्या बहुतेकांना तिचा पहिला अल्बम ऐकून ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तो २००१ मध्ये, ती सोळा वर्षांची असताना ‘केटी हडसन’ या तिच्या मूळ नावाने आला होता आणि त्यात देवाची, श्रद्धेची, शंकेची गाणी होती. आई-वडील दोघेही पेंटेकोस्टल पंथाचे धर्मोपदेशक. मुलगी नवव्या वर्षापासून चर्चमध्ये गाणारी. पंधराव्या वर्षी तिने नेहमीची शाळा सोडून नॅशव्हिल गाठले, ‘रेड हिल’ नावाच्या छोट्या ख्रिस्ती कंपनीशी करार केला. अल्बमच्या जेमतेम दोनशे प्रती खपल्या असे सांगितले जाते. त्याच वर्षी कंपनीचाही गाशा गुंडाळला गेला. पुढे २००८ मध्ये नवे आडनाव घेऊन आलेल्या केटीने ‘आय किस्ड अ गर्ल’ गायले आणि ते गाणे सात आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले.

अमेरिकेत एखादी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ख्रिस्ती पॉप गायिका म्हणून उभी राहू लागली की ही गोष्ट हमखास निघते. चर्चमधली मंडळी ती इशारा म्हणून सांगतात, बाहेरची मंडळी सुटका म्हणून. दोघांच्याही नजरेतून एक साधी बाब निसटते. केटीला वाट बदलता आली, कारण तिचा पहिला अल्बम पडला. ज्या मुलींचा पहिला अल्बम चालला, त्यांना ही मोकळीक फारशी मिळाली नाही.

हा संगीतप्रकार नेमका कोणता?

चर्चमध्ये सामूहिक उपासनेत गायिली जाणारी स्तोत्रे वेगळी आणि हा प्रकार वेगळा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात हिप्पी तरुणांपैकी अनेक जण ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. त्यांना ऑर्गनवरची जुनी गाणी नको होती. गिटार, ड्रम, लांब केस हे सारे कायम ठेवून त्यांनी येशूची गाणी रचली. लॅरी नॉर्मनचा १९६९ मधील ‘अपॉन धिस रॉक’ हा त्यातला आरंभीचा अल्बम. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीच्या वळणाने आणली. तिकडे ती रॉकच्या ठेक्यावर आली. लोकांच्या कानाला जी चाल सवयीची, तीच भक्तीला द्यायची, हा विचार दोन्हीकडे एकच.

पुढे मात्र रस्ते वेगळे झाले. अमेरिकेत या गाण्यांचा उद्योग झाला आणि नॅशव्हिल हे त्याचे मुख्य ठाणे बनले. त्याचे स्वतंत्र ‘डव्ह’ पुरस्कार आहेत, स्वतंत्र रेडिओ केंद्रे आहेत, एके काळी स्वतंत्र दुकानेही होती. मालक मात्र स्वतंत्र राहिले नाहीत. एमी ग्रँटला पुढे आणणारी ‘वर्ड’ ही कंपनी १९७०च्या दशकातच ‘एबीसी’ या माध्यम कंपनीकडे गेली होती. आज कॅपिटॉल ख्रिश्चन हा समूह युनिव्हर्सलचा आहे आणि प्रॉव्हिडंट सोनीचा. म्हणजे रॅपमधली शिवीगाळ आणि पवित्र आत्म्याची आळवणी यांचा नफा अखेर एकाच ताळेबंदात जमा होतो. त्यात गैर काही नाही. पण ‘ही आमची वेगळी, शुद्ध जागा’ असे सांगितले जाते, तेव्हा हे आठवलेले बरे.

जॅझ, रॉक, रॅप हे प्रकार सुरांवरून, तालावरून ओळखता येतात. ख्रिस्ती पॉप तसे ओळखता येत नाही. त्याची ओळख शब्दांवरून ठरते, आणि शब्दांपेक्षाही गाणारी व्यक्ती कशी जगते यावरून. एका मिनिटात येशूचे नाव किती वेळा येते हे मोजणारा ‘जीझस पर मिनिट’ हा विनोद या उद्योगातल्याच लोकांनी रूढ केला आहे.

मग त्यासाठी किशोरवयीन मुलीच का?

याचे उत्तर संगीतात सापडत नाही, ग्राहकात सापडते. ख्रिस्ती रेडिओ केंद्रांनी आपल्या आदर्श श्रोत्याचे एक काल्पनिक चित्र तयार केले आणि त्याला नाव दिले ‘बेकी’. बेकी ही साधारण चाळिशीची, उपनगरात राहणारी आई. मुलांना शाळेत सोडताना ती गाडीत रेडिओ लावते. मागच्या सीटवरच्या मुलांच्या कानावर काहीबाही पडू नये, ही तिची मुख्य अपेक्षा. ‘द फिश’ या केंद्रांचे घोषवाक्यच होते : ‘छोट्या कानांसाठी सुरक्षित’. ‘के-लव्ह’सारखे मोठे जाळे तर जाहिरातींवर नव्हे, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते. त्यामुळे बेकी नाराज होणे त्यांना परवडणारे नाही.

बेकीच्या लेकीलाही पॉप हवेच असते. वर्गातल्या मैत्रिणी ब्रिटनी स्पिअर्स ऐकत होत्या, तेव्हा या मुलींना तसेच काही, पण घरात चालेल असे हवे होते. ती जागा १९९०च्या दशकात आणि २०००च्या आसपास एकीमागून एक किशोरींनी भरली. रिबेका सेंट जेम्सचा अमेरिकेतला पहिला अल्बम १९९४ चा, तेव्हा ती सोळा वर्षांची. जासी वेलास्केझचा ‘हेवनली प्लेस’ १९९६ चा, तीही सोळाचीच. रेचल लॅम्पा २००० मध्ये पंधराची, तर त्याच वर्षी ‘जेन्युइन’ घेऊन आलेली स्टेसी ओरिको अवघी चौदाची.

गाणे ऐकते मुलगी, पण पैसे मोजते आई. म्हणून गायिका मुलीला आवडली पाहिजे आणि आईला पटली पाहिजे. पटणे म्हणजे काय, तर आपल्या मुलीने हिच्यासारखे व्हावे असे वाटणे. गाण्यासोबत विकली जाते ती ही हमी. घोळ इथूनच सुरू होतो.

हमी नेमकी कशाची?

१९९३ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट चर्चच्या प्रकाशन संस्थेने ‘ट्रू लव्ह वेट्स’ ही मोहीम सुरू केली. लग्नापर्यंत शरीरसंबंध ठेवणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर किशोरवयीन मुलामुलींनी सह्या करायच्या. पुढे त्याला अंगठीचीही जोड मिळाली. ही मोहीम आणि हे संगीत एकमेकांच्या आधाराने वाढले. रिबेका सेंट जेम्सचे २००० मधील ‘वेट फॉर मी’ हे भावी पतीला उद्देशून गायिलेले गाणे या चळवळीचे जणू ध्रुवपद झाले. पुढे त्याच नावाचे पुस्तकही आले. रिबेकाचे लग्न २०११ मध्ये झाले, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. तोपर्यंतची दहाएक वर्षे तिच्या अविवाहितपणाबद्दल, तिच्या शरीराच्या ‘शुद्धते’बद्दल सभागृहे भरभरून लोक ऐकत होते, प्रश्न विचारत होते. तिने ते स्वखुशीने केले आणि आजही तिची श्रद्धा अढळ आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण एखाद्या गायकाला, पुरुषाला, इतक्या सातत्याने हाच प्रश्न विचारला गेला का?

रिबेकाच्या कुटुंबाची कहाणी २०२४ मध्ये ‘अनसंग हीरो’ या चित्रपटातून पडद्यावर आली. वडील ऑस्ट्रेलियात ख्रिस्ती कार्यक्रमांचे आयोजक. धंद्यात खोट आली आणि १९९१ मध्ये सारे कुटुंब नॅशव्हिलला आले. लेक गाऊ लागली, वडील तिचे व्यवस्थापक झाले, भाऊ मंचामागची कामे करू लागले. पुढे त्यातल्या दोघांचा ‘फॉर किंग अँड कंट्री’ हा गट बहिणीपेक्षाही मोठा झाला. चित्रपट ही कथा कुटुंबाच्या एकजुटीची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेही. मात्र सोळा वर्षांच्या मुलीच्या गळ्यावर सात भावंडांचे घर चालते, तेव्हा ‘मला आता हे नको’ असे म्हणण्याची सोय तिच्याकडे कितपत उरते, हा प्रश्न चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावरही मागे राहतो.

कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईच्या रक्षणासाठी १९३९ पासून कायदा आहे. आज त्यानुसार मिळकतीचा १५ टक्के वाटा मुलाच्या नावे वेगळा ठेवावा लागतो. पैशाचे असे रक्षण करता येते. मुलीच्या नावावर तिचे उरलेले आयुष्य गहाण टाकले जाते, त्याला कुठला कायदा नाही.

यशस्वी झालेल्या मुलीचे काय होते?

यासाठी एमी ग्रँटचे उदाहरण पुरेसे आहे, कारण या वाटेने ती सर्वांच्या आधी आणि सर्वांत दूरवर गेली. सोळावा वाढदिवस काही आठवड्यांवर असताना नॅशव्हिलच्या या शाळकरी मुलीची टेप फोनवरून ‘वर्ड’च्या लोकांना ऐकवण्यात आली आणि करार झाला. पहिला अल्बम १९७७ चा. १९८२ च्या ‘एज टु एज’च्या दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या, ख्रिस्ती संगीताला हा आकडा नवा होता. १९९१ मध्ये ‘बेबी बेबी’ हे गाणे अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

हे गाणे तिला सुचले ते आपल्या तान्ह्या लेकीकडे पाहून. परंतु चित्रफितीत ती एका देखण्या तरुणाबरोबर हसत-खेळत दिसते आणि तो तरुण तिचा नवरा नव्हता! एवढ्यावरून धर्मनिष्ठ श्रोत्यांत गदारोळ माजला. चित्रफितीत ना चुंबन होते, ना आणखी काही. तेव्हा ती तीस वर्षांची, विवाहित, मुलाबाळांची आई होती. पण श्रोत्यांच्या लेखी ती अजून १९७७ च्या मुखपृष्ठावरची किशोरीच होती. १९९९ मध्ये तिचा घटस्फोट झाला आणि पुढच्या वर्षी तिने गायक व्हिन्स गिलशी लग्न केले. तेव्हा काही ख्रिस्ती रेडिओ केंद्रांनी तिची गाणी वाजवणेच थांबवले. गाणी तीच होती, आवाजही तोच. मोडली होती ती फक्त हमी, आणि ती देताना तिचे वय मतदानाचेही नव्हते.

२०१६ मध्ये तर ‘लाइफवे’ या ख्रिस्ती दुकानसाखळीने तिचा नाताळचा अल्बम ठेवायला नकार दिला. कारण काय, तर तो पुरेसा ख्रिस्ती नाही! ‘ट्रू लव्ह वेट्स’ सुरू करणारी संस्था ती हीच. मधल्या काळात नाव तेवढे बदलले होते. तीन वर्षांनी या साखळीची सारी दुकाने बंद झाली. २०२२ मध्ये ग्रँटला केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला.

स्टेसी ओरिकोची गोष्ट छोटी आहे. सतराव्या वर्षी तिचे ‘मोअर टू लाइफ’ अमेरिकेच्या पहिल्या चाळिसात आणि परदेशांतही गाजले. विशीत पोहोचताच २००६ मध्ये तिसरा अल्बम आला. त्यानंतर पूर्ण लांबीचा अल्बम आलेला नाही.

मग चर्चच्या मंचावर गाऊच नये?

असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दर रविवारी भरलेले सभागृह, साथीला वाद्यवृंद, चुकले तरी टाळ्या वाजवणारे ओळखीचे लोक आणि हे सारे फुकट. एखाद्या गावातल्या मुलीला अशी गाण्याची शाळा दुसरीकडे कुठे मिळणार? व्हिटनी ह्यूस्टन नेवार्कच्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चमध्ये घडली. अरीथा फ्रँकलिनची पहिली ध्वनिमुद्रणे १९५६ मधली, डेट्रॉइटच्या चर्चमधली. तिचे वडील तिथले धर्मोपदेशक होते आणि ती होती चौदा वर्षांची.

अरीथाच्या बाबतीत पुढे जे घडले ते पाहण्यासारखे आहे. १९६० मध्ये तिने कोलंबिया कंपनीशी करार केला, ती प्रेमाची आणि विरहाची गाणी गाऊ लागली. वडिलांनी पाठिंबा दिला. कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल परंपरेतही असे बाहेर पडणाऱ्यांवर टीका झाली. सॅम कुकने ती सोसली. तरीही दार कायमचे बंद झाले नाही. मधल्या काळात अरीथा कोवळ्या वयात आई झाली होती, तिचा संसारही मोडला होता. जानेवारी १९७२ मध्ये ती लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये परत गायला उभी राहिली, तेव्हा वडील समोर बसले होते. त्या दोन रात्रींतून तयार झालेला ‘अमेझिंग ग्रेस’ हा तिच्या साऱ्या कारकीर्दीतला सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. तिथे लोक गाणे ऐकायला आले होते. हिशेब मागायला नव्हे.

आज काय बदलले?

बाजार पुन्हा तेजीत आहे. २०२५ मध्ये ब्रँडन लेक आणि फॉरेस्ट फ्रँक यांची भक्तिपर गाणी अमेरिकेच्या मुख्य ‘हॉट हंड्रेड’ यादीत झळकली. नव्या मुली आता चर्चच्या मंचावरून कमी आणि मोबाइलच्या पडद्यावरून अधिक सापडतात. जेमी ग्रेसला ज्येष्ठ गायक टोबीमॅकने यूट्यूबवर हेरले, त्यालाही आता दशकाहून अधिक काळ लोटला. पूर्वी बेकीला गायिका दिसायची ती अल्बमच्या मुखपृष्ठावर आणि वर्षातून एखाद्या कार्यक्रमात. आता ती रोज दिसते. समुद्रकिनाऱ्यावर काय घातले, कोणाच्या वाढदिवसाला गेली, कोणाच्या छायाचित्राला ‘लाइक’ केले, सारेच तपासता येते. आणि पंधराव्या वर्षी सार्वजनिक केलेली प्रतिज्ञा पंचविसाव्या वर्षी शोधून काढायला कुणालाही दोन सेकंद पुरतात.

म्हणून करार करणाऱ्या कंपन्यांनी निदान एवढे तरी करावे : अल्पवयीन गायिकेच्या प्रसिद्धीत तिची अंगठी, तिचे भावी लग्न, तिची ‘शुद्धता’ हे विषय येऊ देऊ नयेत, आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर करार पुन्हा तिच्यासमोर ठेवून ‘पुढे गायचे आहे का’ असे तिलाच विचारावे, वडिलांना नव्हे. यामुळे खप थोडा घटेल, कारण हमी नसलेली गायिका बेकीला चटकन पटणार नाही. युनिव्हर्सल आणि सोनीला तेवढी घट सोसता येईल.